डाव्या कानाच्या जागी

चौतीस हंगाम मी बोटीवर
इंजिनाकडे डावा कान करून उभा राहिलो.
कान इंजिनानं नेला,
हळूहळू, ओहोटीचं पाणी जातं तसा.
बघत बसलं तर हलत नाही,
जरा पाठ वळली की धक्क्याखाली नुसता चिखल.

त्यानंतर सायकल अंदाजानंच.
इथे गाड्या डावीकडून पुढे जातात.
गाडी शेजारून गेली की कळायचं, गाडी होती.
मान वळवून बघावं
तर मानेबरोबर हँडल वळतं, हँडलबरोबर चाक,
आणि बघायला गेलेला माणूस
जे बघायचं त्याच्याच वाटेत.

झेली दातांच्या दवाखान्यात होती.
निवृत्त होताना तिनं एक आरसा खिशात टाकला होता,
दाढेमागची कीड बघायचा, कोटाच्या बटणाएवढा.
तिच्या अल्फेनं मोडक्या चाकातला स्पोक
पक्कडीनं दोनदा वाकवून
माझ्या चष्म्याच्या काडीला बसवला.
म्हणाला, दोन डॉलर. घेतले मात्र नाहीत.

पहिल्या दिवशी आरशात दिसला माझाच कान.
बहात्तर वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर.
केसाळ, जाड पाळीचा, चांगला धडधाकट.
लबाड! म्हटलं,
आणि आरसा नखभर बाहेर ढकलला.
मग आला खांदा.
मग तेलँ-भावांचं कुंपण, मागे मागे पळणारं.
मग एकदाचा रस्ता.

तीन दिवस डोकं दुखलं.
एक डोळा मेटेगानकडे, एक घराकडे.
दोनदा खड्ड्यात गेलो, मागचं बघता बघता.
चौथ्या दिवशी डोळ्यांचं आपसात काहीतरी ठरलं असावं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणतात.
रस्त्यावर हे चालत नाही.
मागच्याला घाई असते.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार.
सोमवारी शेवंडीचा हंगाम सुटणार,
म्हणून सगळ्या गावाचे सापळे धक्क्याकडे निघालेले.
आरशात एक पांढरा दाणा.
दाण्याची झाली काडेपेटी,
काडेपेटीवर सापळ्यांची चळत, डावीकडे कललेली.
समोरच्या वळणावर तेलाचा टँकर.
मी हिशोब केला. आयुष्यभर तेच केलंय,
दोन बोटी, एक खाडी, किती पाणी.
तिघांना पुरेल एवढा रस्ता नव्हता,
आणि हे तिघांपैकी एकालाच ठाऊक होतं.

खडीत उतरलो. एक पाय टेकला.
वाऱ्याचा गठ्ठा अंगावर आला नि गेला.
चळतीतून सुटलेला एक दोर
मी जिथे असतो तिथून
आरामात झुलत गेला.
ट्रकवाल्यानं स्टीअरिंगवरचं एक बोट उचललं,
आपल्याकडे करतात तसं, ओळखीचं.
झ्यूलचा धाकटा असावा.
त्याला वाटलं, म्हातारा दम खातोय.

घरी सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.
ओदीलला म्हटलं, आज वारा होता.
ती म्हणाली, वारा रोजच असतो.

आता एक खोड लागलीय.
जेवताना, कपाट उघडताना,
चर्चमध्ये पाद्री बोलत असताना
नजर आपोआप वर, डावीकडे.
तिथे छत असतं.

काल चष्म्यावरचा आरसा काढायचा राहिला
आणि तसाच बशा धुवायला उभा राहिलो.
काचेत दार आलं, दारात ओदील,
हातात पुसायचा टॉवेल.
माझ्या मागून यायचं तर ती आधी खांद्यावर हात ठेवते,
दचकू नये म्हणून. वीस वर्षांची रीत.
पण हात ठेवण्याआधी ती
इतका वेळ नुसती उभी असते, बघत,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी वळलो नाही.
तीच बशी
परत एकदा धुतली.